संपर्क यादी एकट्याची नसते

मंडळी, ॲपच्या परवानग्या म्हटलं की कॅमेरा, माइक, लोकेशन असं बरंच काही येतं. मी मात्र आज बहुतेक वेळ एकाच परवानगीवर घालवणार आहे. ती म्हणजे कॉन्टॅक्ट्स. लोकेशन देताना आपण स्वतःचा ठावठिकाणा देतो, ज्याचा त्याचा प्रश्न. कॉन्टॅक्ट्स देताना आपण शे-दोनशे माणसं परस्पर देऊन टाकतो आणि त्यातल्या एकालाही विचारलेलं नसतं.

आपली यादी जरा डोळ्यांसमोर आणा. 'आई', 'बाबा नवीन नंबर', 'शिंदे साहेब ऑफिस', 'भिशी मंदाताई', 'घरमालक', 'डॉक्टर हाडांचे'. आपण नुसते नंबर ठेवत नाही, नात्यासकट ठेवतो. ही यादी तिऱ्हाइताच्या हाती गेली की त्याला चौकशी करावीच लागत नाही. पगार कुणाच्या हातात आहे, कुणासमोर तुमची मान खाली जाईल, कुणाचा फोन गेला की घरात रडारड होईल, सगळं त्या नावांतच आहे.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी हे बरोबर हेरलं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये हातातली कामं गेली, आणि फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपचा सुळसुळाट झाला. ना तारण, ना जामीनदार. कर्ज चार-पाच हजारांचं, त्यातली मोठी रक्कम 'प्रोसेसिंग फी' म्हणून आधीच कापलेली, आणि फेडीची मुदत कधी कधी अवघी सात दिवस. जामीनदार लागत नव्हता, कारण तुमची अख्खी यादीच जामीन म्हणून घेतलेली होती. हप्ता चुकला की वसुलीचे फोन साहेबांना, मेहुण्यांना, शेजाऱ्यांना. गॅलरीची परवानगी दिलेली असेल तर फोटोत फेरफार करून तेही सगळ्यांना पाठवायचे. या छळापायी माणसांनी जीव दिले आहेत. त्या मंदाताईंनी मात्र कुठलंही कर्ज घेतलं नव्हतं, कुठल्याही स्क्रीनवर बोट टेकवलं नव्हतं.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2021 मध्ये अभ्यासगट नेमला. त्याच्या अहवालात भारतीय वापरकर्त्यांसाठी उपलब्ध असलेली सुमारे 1,100 कर्ज-ॲप मोजली गेली आणि त्यातली 600 च्या आसपास बेकायदा निघाली. पुढे सप्टेंबर 2022 मध्ये बँकेने नियम काढले: कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइल, फोटो, संपर्क यादी, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही, केवायसीपुरता कॅमेरा, माइक किंवा लोकेशन एकदाच, तेही स्पष्ट संमती घेऊन. गुगलनेही 31 मे 2023 पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्ज-ॲपना संपर्क आणि फोटो बंद केले. चांगलं झालं, पण उशिरा झालं असं माझं ठाम मत आहे. आणि लिंकवरून थेट एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल, पाठवणाऱ्याला प्ले स्टोअरचे नियम लागू होत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

आता सगळ्यांनी फोन काढा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग परमिशन मॅनेजर. काही फोनमध्ये ते 'सिक्युरिटी अँड प्रायव्हसी'च्या आत असतं. तिथे कॉन्टॅक्ट्सवर टिचकी मारा. वर दिसतात ती सगळी ॲप तुमची यादी वाचू शकतात. फोटो एडिटर दिसतंय? लहान मुलांचा खेळ? काढून टाका ती परवानगी, ॲप चालत राहील. एक गोष्ट मात्र कडू आहे. परवानगी काढल्याने पुढचं वाचन थांबतं. जी यादी आधीच त्यांच्या सर्व्हरवर गेली, ती काही परत येत नाही. म्हणून पहिल्या वेळचं 'नाही' फार मोलाचं.

मागे इंजिनिअरिंगची मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. अँड्रॉइड 6 येईपर्यंत, म्हणजे 2015 पर्यंत, इन्स्टॉल करतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. आता ज्या क्षणी गरज पडते त्या क्षणी मागता येते. तरीही पहिल्याच स्क्रीनवर ओळीने चार चौकटी टाकणारी ॲप आजही निघतात. ओळख व्हायच्या आधीच घराच्या किल्ल्या मागणाऱ्यावर कोण विश्वास ठेवेल? मित्राला रिचार्ज करण्यासाठी एकच नंबर हवा असेल, तर सिस्टिमचा कॉन्टॅक्ट पिकर वापरा. वापरणारा एक नाव निवडतो, तुम्हाला तेवढंच मिळतं, आणि अख्ख्या यादीची परवानगी मागावीच लागत नाही. आयफोनवरही आयओएस 18 पासून निवडक संपर्कच देता येतात. सोय असताना सगळी यादी मागणं हा आळस तरी असतो किंवा हावरटपणा तरी.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नेमकं हेच उदाहरण दिलेलं आहे. एका बाईने घरबसल्या वैद्यकीय सल्ला देणारं ॲप घेतलं. ॲपने उपचारासाठी लागणारी माहिती मागितली, सोबत संपर्क यादीही मागितली, आणि तिने दोन्हीला हो म्हटलं. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला यादी लागत नाही, तेव्हा तिची संमती सल्ल्यापुरतीच धरायची. घाईत दाबलेल्या 'हो'चा फायदा कंपनीला मिळू नये, ही यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट आहे.

इथे कुणी आत्ता अशा वसुलीच्या कचाट्यात असेल, तर आज रात्रीच कामाला लागा. मेसेज खोडू नका, स्क्रीनशॉट आणि फोन आलेले नंबर जपून ठेवा. 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही करा. आणि यादीतल्या जवळच्या माणसांना तुम्ही स्वतः आधी फोन करा: 'असे असे फोन येतील, पैसे देऊ नका, घाबरू नका.' त्यांना तुमच्याकडून कळलेलं असलं की धमकीतला बराचसा जोर तिथेच जातो.