९०० ओळींची घडी

बॅकअपची एक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल, माझ्याकडे वारशाने आली. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, ओळी ९००च्या आसपास, आणि कमेंट म्हणाल तर अख्ख्या फाइलमध्ये एकच, अगदी माथ्यावर: ‘याला हात लावू नका’. कशाला, ते लिहिलेलं नव्हतं. पहिले दोन आठवडे मी ती फाइल नुसती वर-खाली सरकवत होतो. वर एखादं व्हेरिएबल पाहायचं, खाली ते कुठे वापरलंय ते शोधायचं, आणि तिथे पोहोचेपर्यंत वरचं विसरायचं. स्क्रीनवर एका वेळी ५० ओळी दिसतात हो, उरलेल्या ८५० डोक्यात ठेवायच्या म्हणजे डोकं तरी केवढं लागेल!

तिथे एडिटरमधलं फोल्डिंग कामाला आलं. मी त्याला घडीच म्हणतो. साडीची घडी घातली म्हणून कापड काही कमी होत नाही. काठ तेवढा वर राहतो, आणि कपाट उघडलं की काठावरून साडी ओळखू येते. एडिटरमध्येही ४० ओळी आत जातात, एक वर राहते. फाइलमधलं अक्षरही हलत नाही, बॅशला तर घडीचा पत्ताच नसतो.

मी विम या एडिटरवाला, म्हणून उदाहरणं विमचीच देतो. विममध्ये ही सोय २००१ साली, ६.० आवृत्तीत आली. घडीच्या सगळ्या आज्ञा झेडपासून सुरू होतात. झेडच का, याचं उत्तर विमच्या मदतीतच दिलंय: घडी घातलेला कागद बाजूने पाहिला तर झेडसारखा दिसतो. मॅन्युअल लिहिताना कुणाला तरी हे सुचलं, याची मला अजून गंमत वाटते.

घड्या कुठे पडाव्यात हे ठरवायच्या सहा पद्धती आहेत. इंडेंटवरून, म्हणजे ओळीआधी सोडलेल्या जागेवरून, घड्या पाडणं पायथनला शोभतं. बॅशसारख्या शेल स्क्रिप्टमध्ये निम्मा मजकूर डाव्या कडेला चिकटलेला असतो, तिथे तिचं काही चालत नाही. हाताने घातलेल्या घड्या फाइल बंद केली की मोडतात, जपायच्या तर मेकव्ह्यूची आज्ञा द्यायला लक्षात ठेवा. शेवटी मी मार्करवर स्थिरावलो. भाग सुरू होतो तिथे कमेंटमध्ये तीन महिरपी कंस, # {{{ असे, आणि पुढे त्या भागाचं नाव. संपतो तिथे # }}}. फाइलच्या शेवटी मोडलाइन, म्हणजे विमसाठी सूचनेची एक ओळ, टाकायची, म्हणजे विमला कळतं की इथे मार्कर वापरायचे आहेत. डेबियन आणि उबुंटूवर मोडलाइन मुळात बंद ठेवलेली असते. घड्या दिसल्या नाहीत तर आधी ते तपासा. हे तीन कंस विमच्याही आधीचे आहेत. १९८०च्या दशकात ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीने ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर काढले, त्यांच्या ऑकम भाषेच्या एडिटरचा सगळा डोलारा घड्यांवरच उभा होता. जुन्या ऑकम फायली उघडल्या तर हेच कंस भेटतात. व्हीएस कोडवाल्यांनी कंसांऐवजी हॅश रीजन आणि हॅश एंडरीजन लिहायचं, बाकी सगळं तेच.

आता खरी गोष्ट. मी सगळ्या भागांना नावं दिली आणि झेड व कॅपिटल एम दाबलं. ९०० ओळींच्या ११ झाल्या. वाचत गेलो: डिस्कवर जागा तपासणे, जुने डंप (डेटाबेसच्या जुन्या प्रती) काढून टाकणे, डेटाबेसचा डंप घेणे, पडताळणी... आणि थबकलो. जुने डंप आधी काढून टाकतोय आणि नवा नंतर घेतोय? डंप फसला त्या रात्री हातात काय राहणार? दोन आठवडे मी हे दोन्ही भाग ओळीन्‌ओळ वाचत होतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते, चूक होती ती त्यांच्या क्रमात. ती एका नजरेत दिसायला मधल्या शंभर ओळी डोळ्यांआड व्हाव्या लागल्या.

दुरुस्तीही घडीनेच झाली. मिटलेल्या घडीवर डी डी दाबलं की आतल्या सगळ्या ओळी एकदम उचलल्या जातात. खाली पडताळणीच्या घडीवर जाऊन पी दाबलं, भाग तिथे बसला. मग पडताळणी यशस्वी झाली तरच पुढे जायचं, अशी अट घातली.

हीच सोय उलटतेही बरं का. एकदा मिटलेल्या घडीवर कर्सर ठेवून मी एका फोल्डरचं नाव बदलायची सबस्टिट्यूट आज्ञा दिली. मला वाटलं, समोर दिसतेय त्या ओळीत बदलेल. विमने आतल्या सगळ्या ओळींत बदललं. मदतीत हे स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून बदल करायच्या आधी झेड-ओ दाबून घडी उघडतो.

दुसरी फजिती हिअरडॉकची. स्क्रिप्टमधून रोज सकाळी मेल जायची, तिचा मजकूर हिअरडॉकमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्येच जसाच्या तसा लिहिलेल्या मजकुराच्या तुकड्यात, होता. उत्साहाच्या भरात मी तिथेही मार्कर टाकला. हिअरडॉकच्या आत हॅश ही कमेंट नसते, तो नुसता मजकूर असतो. दुसऱ्या दिवशी साहेबांची मेल तीन महिरपी कंसांनी सुरू झाली. ‘हे काय?’ एवढंच उत्तर आलं.

तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, एवढं करण्यापेक्षा वेगवेगळ्या फायली का नाही केल्या? करता येतात, मोठ्या प्रकल्पात कराव्यातच. पण ही स्क्रिप्ट एकेका सर्व्हरवर कॉपी करून टाकायची होती, आणि पाचातली एक फाइल मागे राहिली की रात्री दोनला फोन येतो. म्हणून एकच फाइल, आणि तिच्यात घड्या.

त्या ११ घड्यांमधल्या एकीबद्दल बोलायचं राहिलं. काही ओळींना नाव सुचेना, म्हणून मी त्या ‘इतर’मध्ये कोंबल्या होत्या. घरात एखादं ‘इतर’चं खोकं असतं ना, तसं. महिनाभर ती घडी उघडली नाही. उघडली तेव्हा आत दोन फंक्शन सापडली, जी कुणीच वापरत नव्हतं, आणि पाथ, म्हणजे आज्ञा कोणकोणत्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, ठरवणारी एक ओळ. ती मी काढली. हाताने चालवून पाहिलं, स्क्रिप्ट व्यवस्थित चालली. रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीने, चालवली तेव्हा डंपची आज्ञाच सापडेना, कारण क्रॉनचा पाथ तोकडा असतो. ‘याला हात लावू नका’ ते हिच्यासाठी होतं. मधल्या काळात कुणीतरी ओळी घुसवत गेलं आणि कमेंट व तिची ओळ यांची फारकत झाली. मी ओळ परत टाकली, तिची वेगळी घडी केली आणि काठावर लिहिलं: क्रॉनसाठी पाथ.