डंकावरचा नंबर

(दृश्य : पहाटेचा अंधार. मसाला कुटायच्या डंकाच्या बंद शटरसमोर ओळीनं ठेवलेली पातेली, डबे, एक निळी बादली.)

कोल्हापुरात एप्रिल महिन्यात पहाटे पाचला ही रांग लागते. माणसं अजून घरात असतात, रांगेत उभी असतात भांडी. कुणाचं पातेलं कुणाच्या पुढं, हे अख्ख्या गल्लीला पाठ असतं. त्यात कुणी हात घातला तर काय होतं, ते या फिल्ममध्ये दाखवण्यासारखं नाही.

बाकीचे लोक ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, त्याला कोल्हापूर नुसतं 'चटणी' म्हणतं. ती वर्षातून एकदा करायची, उन्हाळ्यात, वळीव पडायच्या आत. चटणी संपली म्हणून शेजारणीकडं वाटी घेऊन जायची वेळ आली, तर ती घरच्या बाईची नाचक्की.

रांगेतलं तिसरं पातेलं अक्कांचं. नाव सांगायला त्या तयार नाहीत. "अक्का म्हटलं की पोस्टमन पण येतोय की," एवढंच म्हणाल्या.

(दृश्य : मंगळवार पेठेतली गच्ची. ताडपत्रीवर पसरलेली लाल मिरची. तीन बायका देठं खुडताहेत.)

या तीन ढिगांकडं नीट बघा. सुरकुतलेली, गडद लाल, ती ब्याडगी. ती रंगासाठी. तिला तिखटपणा जेमतेम. लांब, बारीक, पातळ सालीची ती संकेश्वरी. हिचा वास घेतला की गडहिंग्लजकडच्या माणसाला घर आठवतं. आणि कोपऱ्यातली ही बोटाच्या पेराएवढी लवंगी. तिला अक्का 'कार्टी' म्हणतात. थोडीच घालायची, पण तिच्याशिवाय भागत नाही.

लक्ष्मीपुरीत मिरची घेताना अक्का ती हातानं मोडून बघतात. कडक मोडली तर वाळलेली. वाकली तर दुकानदार पाणी विकतोय. दुकानदार आता त्यांना बघितलं की आतलं पोतं काढतो.

एक किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धने. हे प्रमाण अक्कांचं. पलीकडच्या गल्लीत विचाराल तर वेगळं सांगतील आणि अक्कांचं चुकीचं म्हणतील. पुढं तीळ, जिरं, खसखस, लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलची, दगडफूल, नागकेशर, बदामफूल, तमालपत्र. प्रत्येक जिन्नस वेगळा तळायचा. एकत्र टाकला तर खसखस जळते आणि दालचिनी कच्ची राहते. कांदा तेलात तांबूस होईपर्यंत परतायचा. तो काळा झाला तर चटणी कडू, ओला राहिला तर पावसाळ्यात बुरशी.

लसूण सोलायला मात्र अक्का कुणाला देत नाहीत. सोलताना दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडं सरकवतात, आणि पाकळी हातात घेईपर्यंत त्या परत मनगटावर येतात.

(दृश्य : हातांचा क्लोज-अप. बांगड्या सरकतात. निवेदन नाही.)

अक्कांचे मालक उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, गेले. अक्का तेव्हा ४८ च्या. घरातल्याच बायकांनी बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली. त्यात एक नणंदही होती. ती आजही येते, चटणी घेऊन जाते.

(दृश्य : ड्रोन. कावळा नाका, ताराराणींचा अश्वारूढ पुतळा, खाली वाहनांची गर्दी.)

हा शॉट आम्ही हौसेनं घेतला, पण तो इथंच बसतो. १७०० साली छत्रपती राजाराम महाराज गेले, तेव्हा ताराराणी पंचविशीत होत्या. पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, त्यांनी मोगलांशी लढाई चालवली. कोल्हापूरची गादी त्यांची. म्हणजे या गादीची सुरुवातच एका विधवेनं केली. असं कुणी सहसा म्हणत नाही. म्हणायला हरकत नाही.

त्याच गादीवरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीत गेले आणि त्यांची कोवळ्या वयाची पत्नी, इंदुमती राणीसाहेब, विधवा झाल्या. महाराजांनी सुनेला पडद्याआड बसवलं नाही. कोल्हापूरजवळ सोनतळीला ठेवून तिला शिकवलं. विरोध बाहेरून झाला तसा घरातूनही झाला.

(दृश्य : शिरोळ तालुका. उसाची शेतं, हेरवाडकडं जाणारा रस्ता, गावाची पाटी.)

आणि हे हेरवाड. मे २०२२. महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं होत होती. कोरोनानं कर्ती माणसं उचलून नेलेली होती. या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला : नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं.

अक्कांनी ही बातमी मोबाईलवर बघितली. पण मंगळवार पेठेत ग्रामसभा कुठली? शहरात असा ठराव करणार कोण, आणि तो कुणाच्या दारावर चिकटवणार? अक्का वर्षभर गप्प बसल्या. मग एका दुपारी महाद्वार रोडला गेल्या आणि डझनभर बांगड्या भरून आल्या. "कासारानं काय विचारलं?" असं आम्ही विचारलं. "माप विचारलं," म्हणाल्या.

(दृश्य : गच्ची. आभाळ भरून आलेलं. ताडपत्री वाऱ्यानं उडते.)

बाकीच्या दोघींचीही ओळख करून देतो. चष्मा लावून वहीत लिहिताहेत त्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या, दोन्ही मुलं परदेशी, आणि सकाळी साडेदहा वाजले की आजही त्यांचा हात पर्सकडं जातो. हिशेब त्यांच्याकडं. पाकिटावरचं शुद्धलेखनही त्यांच्याकडं, त्यामुळं 'कांदा लसुण' असं या घरातून काही बाहेर पडत नाही. दुसऱ्या वहिनी. वीस वर्षांचा संसार सोडून ४५ व्या वर्षी माहेरी परत आल्या. त्या कॅमेऱ्यासमोर बोलल्या नाहीत. मिरची निवडताना मात्र त्यांचे हात आम्ही पुष्कळ घेतलेत.

इथं वळीव आला. तयारी सगळी होती, पण पुढच्या पाच मिनिटांचं शूटिंग नाही. आमचा कॅमेरामनही मिरची गोळा करत होता.

(दृश्य : डंक सुरू. पट्टा फिरतो, लोखंडी मुसळं एकाआड एक वर जातात, उखळात आदळतात.)

गिरणी आणि डंक यात फरक आहे. गिरणीत मसाला तापतो आणि वास उडतो, असं अक्कांचं म्हणणं. डंकात तो कुटला जातो. मोटर पट्टा ओढते, मुसळ उचललं जातं आणि आपल्याच वजनानं खाली पडतं. आधी मिरची कुटायची, चाळायची, चाळणीतलं परत उखळात टाकायचं. मग मसाला. शेवटी कांदा, लसूण, खोबरं, मीठ. तेलकट झालेली चटणी भिंतीला चिकटते, ती लाकडी दांडक्यानं मध्ये ढकलावी लागते. मुसळ वर असताना हात आत, खाली यायच्या आत बाहेर. अक्का ते गप्पा मारत मारत करतात. आमचा श्वास अडकतो.

डंकात उभं राहिलं की पहिल्या मिनिटाला ठसका लागतो. सगळ्यांनी पदर नाकाला लावलाय, अक्कांच्या तोंडावर मात्र निळा मास्क आहे. मालक आजारी पडले तेव्हा मुलानं मास्कचे खोके मागवले होते. माणूस गेला, खोके राहिले. दर उन्हाळ्यात त्यातलाच एक काढतात.

(दृश्य : अक्का मास्कची नाडी कानामागं अडकवताना. डंकाचा आवाज. निवेदन नाही.)

पहिल्या वर्षी चटणी विकली नऊ किलो, तेही नातेवाइकांत. आता एसटीच्या पार्सलनं पुण्याला बरण्या जातात. वहिनींचं बँकेत स्वतःचं खातं आहे. धाकटे दीर अजून बोलत नाहीत. मुलानं आईला कपाळाबद्दल एकदा विचारलं होतं, परत विचारलं नाही.

(दृश्य : घर. जमिनीवर कागद पसरून गरम चटणी निवत ठेवलेली. बाजूला चिनी मातीच्या बरण्या.)

चटणी गरम असताना भरायची नाही, वाफ धरते. रात्रभर निवू द्यायची. बरणीच्या तळाशी हिंगाचा खडा, वरही एक. दाबून भरायची, हवा राहता कामा नये. तोंडाला स्वच्छ फडकं बांधायचं.

या बरण्या भरत असताना आम्ही अक्कांना आमचा ठेवणीतला प्रश्न विचारला. सगळ्यात शेवटी विचारायचा म्हणून वहीत लिहून आणला होता : या सगळ्यातून तुम्हाला काय मिळालं?

त्यांनी बरणीतून हात काढला, मनगटानं कपाळावरचा घाम पुसला. कुंकू थोडं पसरलं.

"ते राहू दे. तुमची किती किलो लिहू? आणि तिखट का मध्यम?"

(दृश्य : बाई वही उघडतात. पेनाचं टोपण काढतात.)