घराचा इतिहास माजघरात विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

गावाकडच्या जुन्या घराचा इतिहास काढायचा म्हटलं की आपण आधी ट्रंक उघडतो, कागद शोधतो. शोधावेतच. आमचं घर लातूर जिल्ह्यातलं, म्हणजे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यातलं. त्यामुळं खरेदीखत उर्दूत, वाटणीचा कागद मोडीत आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं. मराठवाड्यातल्या श्रोत्यांनी ध्यानात ठेवावं, फसली सनात 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतं. आमच्या खरेदीखतावर 1340 आहे, म्हणजे घर 1930च्या सुमारास घेतलेलं.

पण या सगळ्या कागदांत नुसते बापे. बाईचं नाव औषधालाही नाही. म्हणून म्हणतो, घराची माहिती विचारायची ती त्या घरात लग्न होऊन आलेल्या बाईला. काकांना विचारलं तर ओसरीवर कोण येऊन बसायचं आणि कुणाचा तंटा मिटला, एवढंच निघतं.

आमचं घर माळवदाचं. हात-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, तुळया, वर लाकडी पाटण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मृगाआधी नवी माती टाकायची, चोपायची, पन्हाळाकडं उतार काढायचा. हे काम आजीकडं. ती म्हणायची, "वर्साला माती चढायचीच, उतरवायची कुणी न्हाई." घराच्या डोक्यावर किती ओझं साठत गेलं, हे इतकं नेमकं दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तिकडं अशीच घरं, अशीच जड छपरं. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि झोपेतली माणसं ढिगाऱ्याखाली गेली. आमचं गाव लांब, तिथं चिरांवरच निभावलं. पण आजीनं माळवदाखाली झोपायला साफ नकार दिला. काका म्हणाले, "आई, आजोबांनी बांधलेलं माळवद हाय ते." आजी म्हणाली, "मग त्यास्नीच झोपवा त्याच्याखाली."

माती उतरवली, पत्रे आले. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरांच्या कर-नोंदीत, माळवदाचं घर पत्र्याचं झालं. का झालं, ते तिथं कशाला लिहितील?

तर घरातल्या म्हातारीला "घर कधी बांधलं" असं विचारू नका. "तुम्ही नव्यानं आलात तेव्हा चूल कुठल्या खणात होती?" असं विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. चुलीवरून जात्याची जागा निघते, जात्यावरून बाळंतिणीची खोली, आणि दोन चुली झाल्या तो दिवस तर तिथीसकट निघतो.

आमच्या आत्याकडून असंच परसातलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, कळलं. रझाकारांच्या काळात घरची मंडळी निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीकडं निघाली, तेव्हा ज्वारी त्यात टाकून तोंड बुजवलं होतं. परत आल्यावर पेव उघडलं, तरी लगेच कुणी उतरलं नाही. आतल्या कोंदट हवेनं माणूस दगावतो, म्हणून आधी कंदील सोडून पाहिला. विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला, तेव्हा कुठं माणूस उतरवला.

आता ते पेव नेमकं कुठं, यावर वाद आहे. आत्या म्हणते चिंचेखाली, चुलती म्हणते गोठ्यामागं. दिवाळीला दोघी येणार आहेत. कुदळ आणून ठेवली आहे, कंदीलही.