लबोर्न्य: एका डोळ्याचं आडनाव

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात वानवडीला शिंदे छत्री आहे. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्याच छावणीत वारले. तिथल्या थंडगार दगडी गाभाऱ्यात मी लहानपणापासून जात आलो आहे. महादजींची गोष्ट निघाली की त्यांच्या कवायती कंपूची, म्हणजे युरोपी पद्धतीनं कवायत शिकवलेल्या पलटणींची, गोष्ट निघायची आणि कंपूबरोबर एक नाव हमखास यायचं. कुणी डिबॉइन म्हणे, कुणी डी बॉइन, कुणी डिबॉयन. राजस्थानातल्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकून देणारा फिरंगी सेनापती, एवढीच त्याची ओळख.

पुढे मी फ्रेंच शिकायला लागलो. फ्रेंच आडनावांचे अर्थ लावत बसायचा मला छंद लागला, तेव्हा एकदा आमच्या बाईंना विचारलं, की या ‘ब्वान्य’चा अर्थ काय हो? कारण फ्रेंच उच्चार तसा आहे, ‘द ब्वान्य’. बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘काहीच नाही. असा शब्दच नाही.’

ज्या भाषेत बहुतेक आडनावांच्या मागे गाव, धंदा नाहीतर आजोबा उभे असतात, त्या भाषेत एक आडनाव नुसतंच ध्वनीचं कसं? याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

या माणसाचा जन्म मार्च १७५१ मध्ये आल्प्सच्या पायथ्याशी, शांबेरी गावात झाला. बाप कातडी आणि फरचा व्यापारी. मुलाचं नाव बेन्वा आणि आडनाव लबोर्न्य. या आडनावाला मात्र अर्थ आहे, आणि तो अगदी रोखठोक आहे. ‘बोर्न्य’ म्हणजे एका डोळ्याचा, एकाक्ष, आपल्या बोलीत काणा. ‘ल’ हा फ्रेंचमधला ‘तो’. म्हणजे लबोर्न्य म्हणजे ‘तो काणा’.

दचकू नका. अकराव्या-बाराव्या शतकापासून फ्रान्समध्ये गावं वाढली, एकेका गावात वीस-वीस झां आणि तीस-तीस प्येर झाले, आणि नुसत्या पाळण्यातल्या नावावर माणूस ओळखू येईना. मग लोक पुढे काहीतरी जोडायला लागले. बापाचं नाव जोडलं, तसं मार्तँ हे आजही फ्रान्समधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे. राहण्याची जागा जोडली, रानाजवळचा तो द्युब्वा. धंदा जोडला, लोहार तो लफेव्र. आणि चौथं म्हणजे अंगावरची खूण: बुटका तो पती, तांबड्या केसांचा तो रू, काणा तो लबोर्न्य. यात आपल्याला परकं काय आहे? टकले, बोबडे, लंगडे, काळे, गोरे ही आडनावं आपल्या शाळेच्या हजेरीत होतीच की. ज्याला ते नाव पहिल्यांदा पडलं त्याला ते टोचलं असेल. पणतवंडांना टोचत नाही, त्यांच्यासाठी ते फक्त घराचं नाव असतं.

पण टोपणनाव आडनाव होऊन टिकायचं तर ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. १५३९ मध्ये राजा पहिल्या फ्रान्स्वानं विलेर-कोतरे इथून हुकूम काढला आणि पाद्र्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला लावल्या. १५७९ मध्ये लग्नं आणि दफनं यांच्याही नोंदी आल्या. पाद्री ऐकू येईल तसं लिहायचा. म्हणून एकाच आडनावाची दोन-तीन रूपं झाली, आणि कुठलं रूप कुठं सापडतं यावरून घराण्याचं मूळ शोधता येऊ लागलं. मला स्वतःला या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

आपल्या शब्दाचंच पाहा. ‘ल बोर्न्य’ असं सुटं लिहिलेलं आडनाव मुख्यतः ब्रतान्यमध्ये आढळतं, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, समुद्रात घुसलेल्या त्या भूभागात: फिनिस्तेर, मोर्बियाँ, कोत-दार्मोर या जिल्ह्यांत. ‘ल’ वेगळा लिहायचा ही ब्रतान्यची खास सवय, ल गॉफ, ल गाल तसंच हे. तिथल्या ब्रतों भाषेतही एकाक्षाला ‘बोर्न’ म्हणतात, त्यामुळे ‘ल बोर्न’ असंही रूप सापडतं. हाच शब्द ‘ल’ चिकटवून, ‘लबोर्न्य’ असा, नॉर्मंडी आणि उत्तर फ्रान्सकडे दिसतो. दक्षिणेत जावं तसे ‘ल’ने सुरू होणारे आडनावांचे फलक विरळ होत जातात, कारण तिथल्या बोलींची घडणच वेगळी.

हे सगळं आज तपासता येतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेनं १८९१ पासूनच्या जन्मांची आडनाववार यादी पंचवीस-पंचवीस वर्षांच्या टप्प्यांत आणि जिल्हावार केली आहे. नकाशावर एखादं आडनाव टाकलं की ठिपके उमटतात. ब्रतों आडनावांचे ठिपके पश्चिमेला दाट असतात आणि मग पॅरिसजवळ पुन्हा एकदा दाटतात. कारण रेल्वे. एकोणिसाव्या शतकात ब्रतान्यला रेल्वे पोचली आणि तिथली गरीब पोरं-पोरी मोंपार्नास स्टेशनात उतरू लागली, घरकामाला, मजुरीला. आज त्या स्टेशनाच्या आसपास जी क्रेपची, म्हणजे ब्रतान्यच्या पातळ धिरड्यांची, दुकानं दिसतात ती त्यांचीच. कोकणातून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरून गिरणगावात जाणाऱ्यांच्या वंशजांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता गोम इथं आहे. शांबेरी हे गाव सावोयमध्ये, आल्प्सच्या बाजूला, आग्नेयेकडे. तिथं जोडलेल्या ‘ल’चं हे उत्तरेकडचं आडनाव कुठून आलं? उत्तर मिळतं ते असं: बेन्वाचा आजोबा मूळचा पिकार्दीचा, म्हणजे उत्तर फ्रान्सचा, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो शांबेरीत येऊन स्थायिक झाला. म्हणजे नोंदवही न उघडताच ‘ल’नं फितुरी केली. आजोबाचं गाव आडनावानं सांगितलं.

लबोर्न्य मंडळी फक्त फ्रान्समध्येच राहिली नाहीत. १६१० मध्ये कॅलेत जन्मलेला एमान्युएल ल बोर्न्य हा ला रोशेलचा व्यापारी, तो अटलांटिक ओलांडून अकादीचा, म्हणजे आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याचा, गव्हर्नर झाला. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सजवळ लेक बोर्न्य आहे. सरोवर म्हणतात, पण एका बाजूनं ते समुद्राला उघडं पडलेलं आहे, अर्धवट, म्हणून काणं. फ्रेंचमध्ये काण्याची एक म्हणही आहे: आंधळ्यांच्या राज्यात काणा राजा. आपण म्हणतो, वासरात लंगडी गाय शहाणी.

बेन्वा लबोर्न्यकडे परत येऊ. सतराव्या वर्षी तो घर सोडून फ्रान्सच्या आयरिश पलटणीत भरती झाला. मग रशियाच्या बाजूनं तुर्कांशी लढायला गेला, तिथं कैद झाला, सुटला, आणि १७७८ मध्ये मद्रासला पोचला. तिथून उत्तरेला सरकत १७८४ मध्ये महादजींच्या पदरी. या प्रवासातच कुठंतरी ‘लबोर्न्य’चा ‘ल’ गळाला, ‘र’ गळाला आणि पुढे खानदानी वाटणारा ‘द’ लागला. द ब्वान्य. बाईंना फळ्यावर न उलगडलेला शब्द तो हाच. अर्थ नव्हता, कारण त्यातला डोळाच काढून घेतला होता.

१७९० मध्ये पाटण आणि मेडता. १७९३ मध्ये लाखेरी, आणि या लढाईबद्दल बोलताना माझं मन दर वेळी अडखळतं, कारण मराठेच मराठ्यांशी लढले, शिंद्यांचे कवायती कंपू विरुद्ध होळकरांचे. होळकरांच्या पलटणीचा सेनापती होता द्युद्रनेक. तो ब्रतान्यमधल्या ब्रेस्टचा. द्रेनेक ही ब्रतों भाषेतली काटेरी झुडपांची जागा, त्या नावाचं गावच फिनिस्तेरमध्ये आहे. राजस्थानातल्या त्या खिंडीत समोरासमोर आले ते दोन फ्रेंच आडनावांचे कंपू, एक एकाक्षाचा आणि एक काट्याचा, आणि रक्त सांडलं ते आपलं.

डिबॉइन हिंदुस्थान सोडून गेल्यावर शिंद्यांचे कंपू ज्याच्या हाती आले तो पेरों. त्यालाही हे नाव जन्मापासून नव्हतं. त्याचं खरं आडनाव क्विये, लोअर नदीच्या उत्तरेकडच्या सार्थ जिल्ह्यातलं. पेरों हे प्येर या नावाचं लाडकं, छोटं रूप. म्हणजे महादजी आणि दौलतराव यांच्या फौजेचे दोन्ही बडे फिरंगी सरदार आपल्या घराण्याची आडनावं मागे ठेवून आले होते.

गंमत म्हणजे त्याच सुमाराला, २३ ऑगस्ट १७९४ रोजी, फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारनं कायदा केला, की जन्माच्या दाखल्यावर जे नाव-आडनाव असेल तेच कायम, दुसरं चालणार नाही. महादजी वारून तेव्हा सहा महिने झाले होते. डिबॉइन पुढे युरोपात परतला तो अफाट पैसा आणि नवं आडनाव घेऊन. सावोय तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होतं, आणि १८१६ मध्ये त्या राजानं त्याला काउंट केलं, तेही द ब्वान्य याच नावानं. सावोय कायमचं फ्रान्सचं झालं ते १८६० मध्ये, म्हणजे हे आडनाव फ्रेंच झालं ते त्याच्या मरणानंतर तीस वर्षांनी.

शांबेरीत त्यानं आपला पैसा मुक्तपणे गावाला दिला, दवाखान्यांना, वृद्धांना, रस्त्यांना. कमानींची एक अख्खी पेठ त्याच्या नावाची आहे. १८३८ मध्ये उभारलेल्या त्याच्या स्मारकाचं छायाचित्र आत्ता माझ्यापुढे आहे. ताडाच्या बुंध्यासारखा उंच खांब, वर तो उभा, आणि खाली चार दिशांना चार हत्ती. पण हत्तींचं पुढचंच धड आहे, मागचं नाही. सोंडांतून पाणी पडतं. शांबेरीकर त्यांना ‘बूड नसलेले चौघे’ म्हणतात. आपल्या गावचा फौजदार असता तर आपणही हेच म्हटलं असतं. ते चार हत्ती वरून पाहिले तर सावोयचा क्रूस दिसतो, तोच पांढरा क्रूस जो त्याच्या कंपूच्या निशाणावर होता आणि जो मेडत्याच्या मैदानात मराठी सैन्यापुढे फडकला होता. नाव बदललं, पण निशाण गावचंच ठेवलं.

पण दुसऱ्या एका लबोर्न्यबद्दल सांगितल्याशिवाय मला हे भाषण संपवता येणार नाही. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक माणूस एकवीस वर्षं होता. त्याला वाचा नव्हती. विचारलं काहीही तरी उत्तर एकच, ‘तान’. तिथले लोक त्याला तानच म्हणायचे. १८६१ मध्ये डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याला तपासलं, काही दिवसांत तो गेला, आणि त्याचा मेंदू तपासून ब्रोका यांनी दाखवलं की वाचेचं केंद्र मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात असतं. आज ज्याला ब्रोकाचा भाग म्हणतात, तो या माणसामुळे कळला. पॅरिसच्या द्युपुइत्रँ संग्रहालयात त्याचा मेंदू जपून ठेवला गेला, वैद्यकाच्या पुस्तकांत तो ‘तान’ म्हणूनच राहिला. आडनाव लबोर्न्य हे ब्रोका यांच्या टिपणात होतं, बाकी काही नाही. त्याचं नाव लुई व्हिक्तोर, जन्म १८०९, मोरे गावचा, बाप शाळामास्तर, हे दप्तरांतून शोधून प्रसिद्ध झालं ते २०१३ मध्ये, दीडशे वर्षांनी. एका लबोर्न्यनं आडनाव आपण होऊन टाकलं. दुसऱ्याला फक्त एक अक्षर उच्चारता आलं, म्हणून त्याचं नाव-गाव दीड शतक हरवलं.

लबोर्न्य पुष्कळ आहेत. द ब्वान्य मात्र दुर्मीळ. नकाशावर टाकलं तर ठिपके शोधावे लागतात, कारण ते एकाच माणसापासून सुरू झालेलं आडनाव आहे. आणि ते पुढे चाललं ते त्याच्या मुलाकडून, शार्लकडून. हा शार्ल हिंदुस्थानात जन्मला तेव्हा त्याचं नाव अली बक्ष होतं, त्याच्या बहिणीचं बानू, जी पुढे आन झाली. त्यांची आई हलीमा, इथलीच मुसलमान बाई, मुलांना घेऊन डिबॉइनबरोबर इंग्लंडला गेली. तिथं १७९८ मध्ये त्यानं सोळा-सतरा वर्षांच्या एका फ्रेंच सरदारकन्येशी लग्न केलं, आणि काउंटेस द ब्वान्य ही ओळख त्या मुलीला मिळाली. हलीमाला मिळाली नाही.

हलीमा ससेक्समध्ये एकटी राहिली आणि १८५३ मध्ये वारली. हॉर्शमच्या चर्चच्या आवारात तिची कबर आहे, इतर कबरींना आडवी, दक्षिणोत्तर. वर नाव हेलेना बेनेट. बेनेट म्हणजे बेन्वाचंच इंग्रजी रूप.

नमस्कार.