मेलेला मोजणीदार, मोकाट वळू आणि एक कोटी डॉलर

[दृश्य: व्हँडेलिया गावातली पांढरी दुमजली इमारत. आत रांगेने मांडलेली लांब टेबलं, टाक, दौती.]

१८३५ चा जानेवारी. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात एक पेच पडला आहे. एका काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, जमिनीचा सरकारी मोजणीदार वारल्याची खबर आली, म्हणून त्याच्या जागी दुसऱ्या माणसाचं नाव मंजूर झालं. नंतर कळलं, जुना मोजणीदार चांगला धडधाकट आहे! झालेली निवड आता रद्द करावी, असा प्रस्ताव आला. तेव्हा पंचवीस वर्षांचा एक उंच सदस्य बोलायला उठला. हा स्वतः गावाकडे मोजणीचंच काम करायचा. त्याचं म्हणणं असं, की जुने गृहस्थ मरायला तयार नाहीत तोवर नवा माणूस काही त्यांना हटवत नाही. तेव्हा आहे ते राहू द्या. पुढेमागे त्यांनी मरायचं मनावर घेतलंच, तर माणूस तयार असेल, सभागृहाला पुन्हा तसदी नको.

सदस्याचं नाव अब्राहम लिंकन. त्याच्यावर माहितीपट पुष्कळ झालेत. आज आपण बघणार आहोत ते त्याचं कामाचं ठिकाण, म्हणजे नव्या राज्याचं विधिमंडळ दिवसभर नेमकं काय करायचं ते.

[दृश्य: नकाशा. कॅस्कॅस्किया, व्हँडेलिया, स्प्रिंगफील्ड.]

इलिनॉय १८१८ साली राज्य झालं. पहिली राजधानी कॅस्कॅस्किया. मग राजधानी व्हँडेलियाला हलली, तीही फक्त वीस वर्षांच्या बोलीवर. गाव जेमतेम आठ-नऊशे वस्तीचं. निवडणूक ऑगस्टमध्ये, अधिवेशन डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी. १ डिसेंबर १८३४ ला कनिष्ठ सभागृहात ५५ आणि सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, २६ सदस्य जमले. बहुतेक शेतकरी, काही वकील. लिंकनने एका शेजाऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले, त्यातल्या साठांचा सूट शिवला आणि घोडागाडीने पाऊणशे मैलांचा रस्ता तुडवत तो इथे पोचला.

आणि इमारत? पहिलं विधानभवन जळालं होतं. दुसरं होतं विटांचं, पण घाईघाईत उभारलेलं. भिंती फुगलेल्या, जमीन खचलेली. भाषण चालू असताना छताच्या गिलाव्याचे पोपडे खाली पडायचे. एका टेबलाला तिघे सदस्य. समोर बुचाच्या लाकडाची दौत आणि पिसाचा टाक. तंबाखू थुंकायला वाळूने भरलेल्या पेट्या. प्यायच्या पाण्याची एक बादली आणि तिच्यासोबत पत्र्याचे पेले. अंधार पडला की मेणबत्त्या. दिवसाचा भत्ता ३ डॉलर.

[दृश्य: हस्तलिखित विधेयकाचं पान, कडेला खाडाखोड.]

आता कामकाज. आपल्या डोळ्यांसमोर येतात ती स्वातंत्र्य आणि लोकशाहीवरची भाषणं. ती व्हायची, नाही असं नाही. पण दिवस जायचा तो रस्त्यांत. अमुक रस्ता अमक्याच्या शेतावरून न नेता ओढ्याच्या पलीकडून न्यावा. तमक्या नदीवर नाव चालवायची परवानगी द्यावी. गिरणीसाठी बांध घालू द्यावा. आज असं काम तहसीलच्या टेबलावर एका अर्जात उरकतं. तेव्हा त्यासाठी स्वतंत्र कायदा लागायचा. दोन्ही सभागृहांत प्रत्येकी तीन वाचनं, मध्ये समिती, दुरुस्त्या, मतदान. अनेक राज्यांत तर नवरा-बायकोचा काडीमोडसुद्धा विधिमंडळाच्या कायद्याने व्हायचा.

लिंकनचं पहिलं विधेयक गावपातळीच्या न्यायाधीशांचे अधिकार आखून देणारं होतं. त्याचं भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. त्याच्या दुसऱ्या विधेयकाने सॉल्ट क्रीकवर टोलचा पूल बांधायची परवानगी एका माणसाला दिली. ते मात्र पास झालं. यात त्या सभागृहाचा सगळा स्वभाव आला. तत्त्वाचं विधेयक अडायचं, पुलाचं सुटायचं, कारण पूल प्रत्येकालाच हवा होता. आज मी तुझ्या पुलाला हात वर करतो, उद्या तू माझ्या रस्त्याला कर.

कधी कधी सभागृह शहाणपणाच्या नादात तोंडावर पडायचं. त्याच सुमारास गुरांची पैदास सुधारावी म्हणून एक कायदा झाला : लहान चणीचे वळू मोकाट सोडायचे नाहीत. कागदावर बिनतोड! पण गरीब शेतकऱ्याकडे असायचा तो असलाच खुरटा वळू. थोरामोठ्यांच्या उमद्या वळूंची सोय बघणारा हा कायदा आहे, म्हणून लोक असे खवळले की तो मागे घ्यावा लागला. मतदार दारिद्र्य सहन करील, वळूचा अपमान नाही.

[दृश्य: न्यायाधीशांच्या खुर्च्या. गव्हर्नरची सही.]

या सगळ्याला लगाम कोण घालणार? इलिनॉयच्या पहिल्या संविधानात एक पुनरीक्षण मंडळ होतं. गव्हर्नर आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश एकत्र बसून प्रत्येक विधेयक तपासायचे आणि पटलं नाही तर परत पाठवायचे. ऐकायला भक्कम वाटतं. पण परत आलेलं विधेयक साध्या बहुमताने पुन्हा पास करता यायचं. लगाम होता, ओढणारा हात नव्हता.

याची किंमत कळली १८३६-३७ च्या अधिवेशनात.

राजधानी जाऊ नये म्हणून व्हँडेलियाच्या लोकांनी जुनी इमारत पाडून नवी उभी केली होती. तुम्ही सुरुवातीला पाहिलीत ती हीच. सदस्य आले तेव्हा गिलावा ओला होता. भवन पुरं झालेलं नाही, म्हणून कामकाज जवळपास ठप्प आहे, असं लिंकनने डिसेंबरात पत्रातून कळवलंय. लिंकनच्या सँगमन काउंटीचे या वेळी नऊ जण होते, सात कनिष्ठ सभागृहात आणि दोन सिनेटमध्ये. सगळे सहा फुटांच्या आसपास किंवा वर, म्हणून नाव पडलं ‘लाँग नाइन’. त्यांना एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती : राजधानी त्यांच्याच काउंटीतल्या स्प्रिंगफील्डला.

आणि बाकीच्यांना हवं होतं सगळंच! रेल्वे, कालवे, नद्यांचं खोलीकरण. २७ फेब्रुवारी १८३७ ला विकासकामांचा कायदा झाला, एक कोटी डॉलरचा. एका गावाला रेल्वे मिळाली की शेजारचं रुसायचं, म्हणून त्यालाही रेल्वेचा एक फाटा. ज्या काउंट्यांना रेल्वेही नाही आणि नदीही नाही, त्यांच्या तोंडाला पानं पुसायला रोख दोन लाख. पुनरीक्षण मंडळाने विधेयक परत पाठवलं होतं. सभागृहांनी ते बहुमताने पुन्हा पास केलं. तीन वर्षांनंतरही राज्याची लोकसंख्या पाच लाखांच्या आतच होती.

राजधानीचं विधेयक मधे एकदा ३९ विरुद्ध ३८ अशा एका मताने बाजूला सारलं गेलं. रातोरात गाठीभेटी झाल्या आणि सकाळी ते पुन्हा पटलावर आलं. २८ फेब्रुवारीला चौथ्या फेरीत स्प्रिंगफील्डला ७३ मतं पडली, व्हँडेलियाला १६. लाँग नाइनने रेल्वेची मतं देऊन राजधानी विकत घेतली का, यावर इतिहासकार आजही भांडतात. माझं विचाराल तर लेखी सौदा शोधण्यात अर्थ नाही. पुलांच्या विधेयकांनी सगळ्यांना तीच सवय लावली होती.

[दृश्य: खानावळ, रात्र. टेबलावर बाटल्या आणि शिंपले.]

त्या रात्री व्हँडेलियात विजेत्यांनी जेवण दिलं. बिल टिकून आहे : शॅम्पेनच्या ८१ बाटल्या, शिवाय चिरूट, शिंपले, बदाम, मनुका, सफरचंदं. एकूण २२३ डॉलर ५० सेंट, भरले श्रीमंत सदस्य निनियन एडवर्ड्स यांनी. लिंकनला पहिल्या अख्ख्या अधिवेशनाचे मिळाले होते २५८.

त्याच अधिवेशनात गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी झाला होता. सहांत लिंकन होता. ३ मार्चला त्याने आणि सहकारी सदस्य डॅन स्टोन यांनी, गुलामगिरी अन्यायावर उभी आहे, असं लेखी नोंदवलं. राजधानी पदरात पडल्यावर नोंदवलं, हेही ध्यानात घ्यायला हवं. आधी बोलून स्प्रिंगफील्डची मतं घालवायची त्याची तयारी नव्हती.

१८३७ मध्येच मंदी आली. रेल्वेचे तुकडे माळरानात अर्धवट राहिले, कर्ज फुगलं, आणि ज्या स्टेट बँकेच्या जिवावर हे चाललं होतं तिने नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं. कायद्याने तिला सवलत होती, पण पुढचं अधिवेशन संपेपर्यंतच.

[दृश्य: स्प्रिंगफील्ड, १८४०. चर्चची खिडकी.]

डिसेंबर १८४०. राजधानी स्प्रिंगफील्डला आली आहे, भवन अपुरं आहे, सभागृह चर्चमध्ये भरतंय. शनिवारी बँकेच्या विरोधकांना हे विशेष अधिवेशन संपवायचंय, म्हणजे सोमवारी नवं सुरू होण्याआधीच बँकेची सवलत जाईल. बँकेच्या बाजूने असलेल्या लिंकनच्या व्हिग पक्षाचे सदस्य कोरम, म्हणजे लागणारी किमान हजेरी, मोडायला गैरहजर राहिले. नजर ठेवायला लिंकन आणि एक-दोघेच आत. मतदान पुकारलं गेलं, बाहेरून माणसं गोळा करून आणली गेली, आणि कोरम भरतोय हे लक्षात येताच लिंकनने खिडकी उघडून खाली उडी मारली. मागोमाग साथीदार.

काही उपयोग झाला नाही. त्यांची हजेरी आधीच लागली होती, अधिवेशन संपलं. विरोधी वर्तमानपत्राने टर उडवली : उडीत लिंकनला काही लागलं नसावं, त्याचे पाय जवळपास जमिनीपर्यंत पोचत होतेच. नव्या भवनात सभागृह तिसऱ्या मजल्यावर न्यावं, म्हणजे पुढच्या वेळी त्याला पन्हळीवरून उतरावं लागेल!