कापसाआडचा गाल

(दारातला उजेड. कापसाची गंजी. आजीचे हात.)

यवतमाळ जिल्ह्यातलं कवेलूचं घर. माजघराला खिडकी नाही, उजेड येतो तो दारातून. तेवढ्यावरच आजीचा फोटो काढायचा आहे, तोही चेहऱ्याची एक बाजू अंधारात ठेवून.

फोटोवाला तालुक्याच्या गावचा. लग्नाच्या ऑर्डरीला त्याच्यासोबत दोन फ्लॅश आणि रिंगलाइट असते. आज ती गाडीतच राहिली. बरं झालं.

त्यानं दाराचं एक कवाड लोटलं. उजेडाची हातभर पट्टी उरली. आजीला स्टुलावर बसवलं ते डावा गाल दाराकडे आणि नजर समोरच्या भिंतीवर, अशी. उजेड थेट बाजूनं आला की नाक धुऱ्यासारखं मधे उभं राहतं. धुऱ्याच्या अलीकडे गालाची प्रत्येक सुरकुती दिसते, नाकातली फुली दिसते. पलीकडे सावली.

पण सावली पडेचना. उजवा गाल करडाच राहिला. भिंत मातीची, ती उजेड पिऊन टाकते. मग कोण? कापूस! आजीच्या उजव्या हाताला छातीइतकी गंजी, दारातला उजेड झेलून गालावर परत फेकणारी. स्टुडिओत याच कामाला पांढरं थर्माकोल उभं करतात.

फोटोवाल्यानं बाज उभी केली, तिच्यावर काळी घोंगडी टाकली आणि गालापासून हातभर अंतरावर सरकवली. बघा, गाल विझला.

(हा शॉट कापू नये.)

आता कॅमेरा. ऑटोवर ठेवला, की अंधार बघून तो घाबरतो. सगळं मधल्या राखाडीवर आणायला जातो, आणि आजीचा सावळा गाल पीठ लावल्यासारखा होतो. म्हणून माप उजेडातल्या गालावर घ्यायचं, आणि त्याहीपेक्षा एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडावर, खाली यायचं. उन्हातान्हात कापूस वेचलेली कातडी आहे ही. मोबाइल ती न विचारता गोरी करतो. आम्हाला करायची नाही.

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. आजीनं मान दाराकडे किंचित वळवली आणि अंधाऱ्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा तिकोन उमटला. सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावानं, रेम्ब्रांटच्या नावानं, हा उजेड ओळखला जातो. क्लिक.

गाडी न थांबता गेली. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. ओलावा १२ टक्क्यांवर असला तर सरकारी खरेदी केंद्रावर तो मिळत नाही. गंजी घरातच आहे.

आजीनं पडद्यावर फोटो पाहिला.

"अर्धं तोंड कायं कायले केलं रे बापू?"

मग म्हणाली, "एक पुऱ्या तोंडाचा काढ. भितीवर लावाले."

तोही काढला. दोन्ही कवाडं उघडून.