माळावरचं गवत आणि हिवाळी पाहुणे

मंडळी, हिवाळ्यात पक्ष्यांसाठी कोणतं झाड लावावं, असं मला हमखास विचारतात. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्व भागातल्या लोकांना माझं सांगणं असतं, की माळावर काही लावू नका. आहे ते गवत उभं राहू द्या.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. इथे पक्ष्यांना थंडीपेक्षा कोरडेपणा जास्त जाचतो. ऑक्टोबरात पाऊस सरला की पुढचा जूनमध्ये. या काळात पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी ही आपली गवतं वरून वाळतात, पण मुळं जिवंत असतात. बी खाली सांडतं, ते चंडोल आणि लावे वेचतात. गवताच्या बुडाशी नाकतोडे असतात, आणि त्यांच्यासाठी थेट कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांतून भोवत्या येतात. लांब पंखांचा हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून, अगदी खालून, तरंगत जातो.

संध्याकाळी हे भोवत्ये झाडावर जात नाहीत, गवतातच जमिनीवर उतरतात. एकेका जागी अनेक पक्षी रात्र काढतात. सकाळी ते उडून गेले की तिथे बोटाच्या पेराएवढ्या करड्या गोळ्या सापडतात. न पचलेलं सगळं त्यांनी ओकून टाकलेलं असतं. एक गोळी पाण्यात भिजवा, चिमट्याने हलकेच सोडवा. नाकतोड्यांचे जबडे, तंगड्यांचे तुकडे, उंदराचे केस, एखादं बारीक पीस. माळाने त्याला काय काय खाऊ घातलं ते तुमच्या तळहातावर असतं.

असा माळ आपण पडीक ठरवतो, याचं मला फार वाईट वाटतं. मग तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावतात. ते मूळचं मध्य अमेरिकेचं. त्याची सावली दाटली की खालचं गवत विरळ होतं, आणि भोवत्याला शिकारीला लागणारी मोकळी जागाही जाते. झाडांशी माझं वैर नाही. माळावर तुरळक हिवर, बोर, नेपती हवीच. खाटीक पक्षी पकडलेला नाकतोडा काट्याला टोचून ठेवतो आणि फाडून खातो, आणि बोरं पिकली की बुलबुलांची चंगळ असते.

वैरण लागते, हे मलाही कळतं. पण बी पडल्यावर कापा, आणि सगळा माळ एकदम कापू नका. पक्षी रात्री उतरतात तो पट्टा मार्च सरेपर्यंत सोडा, कारण भोवत्ये परतायला लागतात तेच तेव्हा. काडी मात्र लावू नका. नवं गवत पेरायचीही गरज नाही. कुसळीच्या बीला लांब कुसळ असतं. दवाने ओलं झालं की त्याचा पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत टोकदार बी आपलं आपण मातीत शिरतं.